समुपदेशनाची पहिली भेट आणि कार्यकर्त्याचे काम

शेतकऱ्याच्या पीककर्जाचा, कामगाराच्या थकलेल्या मजुरीचा, विधवेच्या पेन्शनचा किंवा झोपडीच्या पट्ट्याचा प्रश्न घेऊन माणसे पक्षाच्या कार्यालयात येतात, तेव्हा काय करावयाचे ते कार्यकर्त्याला ठाऊक असते. अर्ज कोणाकडे द्यावयाचा, सोबत कोणते दाखले जोडावयाचे, तहसील कचेरीत टाळाटाळ झाली तर पुढची पायरी कोणती, हे त्याला वर्षानुवर्षांच्या अनुभवाने माहीत झालेले असते. परंतु तोच शेतकरी अर्ज लिहून झाल्यावरही उठत नाही, रात्ररात्र झोप लागत नाही असे सांगतो, कशातच जीव लागत नाही म्हणतो आणि मग खाली मान घालून गप्प बसतो, तेव्हा मात्र कार्यकर्ता गोंधळतो. तो चहा मागवतो, धीर देतो, ‘होईल सारे ठीक’ असे म्हणतो. फार तर ‘एकदा सिव्हिलमध्ये जाऊन दाखवून या’ असा सल्ला देतो. तेथे कोणाला दाखवावयाचे, तो काय विचारील, त्याला किती सांगावयाचे, याची कल्पना सल्ला देणाऱ्यालाही नसते आणि ऐकणाऱ्यालाही नसते. बहुधा तो माणूस जात नाही. गेला तरी केसपेपर काढण्याच्या खिडकीवरून परत येतो.

हे अज्ञान क्षुल्लक नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी २६.४ टक्के माणसे रोजंदारीवर जगणारी होती. राज्यवार आकड्यांत सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा, २२,७४६ होता. बंगलोरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि निरनिराळ्या विकारांच्या बाबतीत ७० ते ९२ टक्के माणसांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. उपचार न पोचण्याची कारणे अनेक आहेत. डॉक्टर कमी, अंतर फार, औषधांचा तुटवडा, लोकलाजेचे भय. त्यांत आणखी एका कारणाची भर घातली पाहिजे. ज्या सेवेचे स्वरूप आधी ठाऊक नसते, ती फुकट असली तरी गरिबाला महाग वाटते. एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे खर्च करून त्या खोलीत आपले काय होणार, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. म्हणून समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत काय घडते, हे कार्यकर्त्याने समजून घेणे आणि साध्या शब्दांत सांगता येणे अगत्याचे आहे.

एका शब्दाचे तीन अर्थ

पहिली अडचण खुद्द शब्दाची आहे. ‘समुपदेशन’ हा शब्द सामान्य माणसाच्या कानावर तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून येतो. बारावीनंतरच्या प्रवेशफेऱ्यांना ‘कौन्सेलिंग’ म्हणतात. तेथे गुणवत्ता यादी, जागा आणि शुल्क यांखेरीज कशाचीच चर्चा नसते. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन गेलेल्या बाईला पोलीस ठाण्यात ‘आधी समुपदेशन करू’ असे सांगण्यात येते. तेथे त्याचा अर्थ पुष्कळदा तडजोड असा होतो आणि बाई समजूत घालून पुन्हा त्याच घरी पाठविली जाते. या अनुभवामुळे अनेक स्त्रियांच्या मनात हा शब्द धाकाचा झाला आहे. वास्तविक पोलीस यंत्रणेच्या आत राहूनही वेगळे काम करता येते. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या सहकार्याने स्त्रिया व मुले यांच्यासाठी विशेष कक्ष सुरू केला, तो याच जाणिवेतून. तिसरा अर्थ मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातला आहे, आणि येथे त्याचाच विचार करावयाचा आहे. मन अस्वस्थ असलेल्या माणसाने प्रशिक्षित माणसाशी एकांतात, ठरावीक वेळी आणि विश्वासाने केलेले बोलणे, असा त्याचा साधा अर्थ सांगता येईल. त्यात प्रवेशही नाही आणि तडजोडही नाही.

एक जुना आक्षेप

दुसरी अडचण कार्यकर्त्यांच्या मनातली आहे. शेतकऱ्याचे दुःख कर्जात, कापसाच्या भावात आणि कोरड्या विहिरीत आहे; ते त्याच्या मनात शोधणे म्हणजे व्यवस्थेचा दोष व्यक्तीच्या माथी मारणे होय, असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटते. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. कर्जाच्या प्रश्नाला समुपदेशन हे उत्तर म्हणून पुढे करणारे सरकार आपली जबाबदारी टाळीत असते. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. गिरणीच्या धुळीने कामगाराला दमा झाला, तर धूळ कमी करण्यासाठी लढा द्यावयाचा असतो. परंतु लढा संपेपर्यंत त्याच्या छातीवर उपचार करू नयेत, असे कोणी म्हणत नाही. मनाच्या बाबतीत मात्र ही साधी गोष्ट विसरली जाते.

समुपदेशन हे मूळचे सुखवस्तूंचे चोचले आहेत, ही समजूतही इतिहासाला धरून नाही. अमेरिकेतील बोस्टन शहराच्या नॉर्थ एंड या स्थलांतरितांच्या वस्तीत १९०८ मध्ये फ्रँक पार्सन्स याने एक मार्गदर्शन केंद्र उघडले. कामधंद्याच्या शोधात चाचपडणाऱ्या गरीब तरुणांना कोणता व्यवसाय आपल्याला जमेल, याचा शांतपणे विचार करण्यास मदत करणे हा त्याचा हेतू होता. व्यावसायिक समुपदेशनाचा आरंभ सामान्यतः येथून मानला जातो. हा पार्सन्स नगरपालिकेच्या मालकीच्या सार्वजनिक सेवांचा कट्टर पुरस्कर्ता होता. तो त्याच वर्षी मरण पावला आणि त्याचे या विषयावरचे पुस्तक १९०९ मध्ये, त्याच्या पश्चात, प्रसिद्ध झाले. पुढे १९४२ मध्ये कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात, समुपदेशकाने सल्ल्याचा वर्षाव करण्याऐवजी समोरच्या माणसाला स्वतःचा मार्ग स्वतः शोधू द्यावा, असा विचार मांडला. आजच्या पहिल्या भेटीचे स्वरूप बऱ्याच अंशी या विचारातून घडले आहे.

फ्रांझ फॅनन याचे उदाहरणही लक्षात घेण्याजोगे आहे. वसाहतवादाने माणसाच्या मनावर होणारे आघात त्याच्याइतके परखडपणे फार थोड्यांनी मांडले. तोच फॅनन १९५३ ते १९५६ या काळात अल्जीरियातील ब्लिदा येथील रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करीत होता. १९५६ मध्ये राजीनामा देऊन तो स्वातंत्र्यलढ्यात उतरला. पण ट्युनिसला गेल्यावरही त्याने रुग्ण तपासणे सोडले नाही. व्यवस्था बदलणे आणि समोरच्या माणसाचे ऐकणे, या दोन कामांत त्याला विरोध दिसला नाही.

भेटीपूर्वी

आता प्रत्यक्ष भेटीकडे वळू. केंद्र शासनाचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून अस्तित्वात आहे. त्यामुळे सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसिक आरोग्याचा बाह्यरुग्ण विभाग आहे काय आणि समुपदेशक कोणत्या वारी बसतात, याची चौकशी कार्यकर्त्याने आधी स्वतः करून ठेवावी. ज्याला लगेच जाता येत नाही, त्याच्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसाच्या कोणत्याही वेळी, शुल्क न देता बोलता येते. जीव नकोसा झाल्याची भाषा कोणी बोलू लागला, तर मात्र पुढल्या आठवड्याची वाट पाहू नये. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

भेटीला जाताना आधीचे केसपेपर, चालू असलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या किंवा रिकामी पाकिटे बरोबर न्यावीत. सतत थकवा, उदासपणा, कशात लक्ष न लागणे ही लक्षणे रक्तक्षयातही दिसतात आणि थायरॉइडच्या दोषातही दिसतात. त्यामुळे प्रथम रक्त तपासून घ्या असे सांगण्यात आले, तर ‘आपल्याला टोलवले’ असा समज करून घेण्याचे कारण नाही. खिडकीवर नाव, वय, पत्ता, व्यवसाय विचारतात. ही नोंद झाली म्हणजे माणसावर ‘वेडा’ असा शिक्का बसला असे मुळीच नव्हे.

खोलीच्या आत

खोलीत पलंग, पट्टे, यंत्रे असे काही नसते. एक टेबल, दोन-तीन खुर्च्या आणि समोर एक माणूस. तो बहुधा डॉक्टर नसतो; मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकलेला असतो. तो इंजेक्शन देत नाही, विजेचा झटका देत नाही, संमोहन करीत नाही. त्याला औषध लिहून देण्याचा अधिकारही नाही. औषधाची गरज आहे असे त्याला वाटले, तर तो मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवितो. ही गोष्ट आधी सांगणे फार आवश्यक आहे, कारण झटक्याच्या भीतीने दारातून परतलेल्यांची संख्या थोडी नाही.

चांगला समुपदेशक प्रथम आपले नाव सांगतो, साधारण किती वेळ आहे ते सांगतो आणि येथे बोललेले बाहेर जाणार नाही हे स्पष्ट करतो. खाजगी ठिकाणी ही भेट पाऊण तास ते तासभर चालते. सरकारी रुग्णालयात गर्दीच्या दिवशी त्याहून कमी वेळ मिळतो. मग तो एखादा मोकळा प्रश्न विचारतो, ‘काका, आज इथे यावंसं का वाटलं?’ या प्रश्नाने पुष्कळ माणसे गांगरतात. सरकारी टेबलासमोर आजवर त्यांना ‘कागद आणलेत का?’ एवढेच विचारलेले असते. अशा वेळी उत्तर सुबक असण्याची गरज नाही. ‘टेन्शन आहे’, ‘डोकं जड असतं’, ‘जीव घाबरा होतो’, ‘अंगातलं बळच गेलं’ एवढे म्हटले तरी पुरते. आपल्या समाजात मनाचे दुखणे बहुधा शरीराच्या भाषेतच बोलते, हे समुपदेशकाला ठाऊक असते. घरी कोणी बाहेरची बाधा म्हटले असेल, देवऋषाकडे नेले असेल, तर तेही सांगावे. त्यावरून हिणवणारा समुपदेशक आपल्या कामास अपात्र समजावा.

पुढचे प्रश्न अधिक नेमके असतात. झोप किती वाजता लागते, पहाटे जाग येते काय, भूक कशी आहे, काम होते काय, घरात कोण कोण आहे, कोणाशी बोलणे होते, दारू किती, देणे किती, असे पूर्वी कधी झाले होते काय. कर्ज आणि मारहाण यांविषयी विचारले म्हणजे समुपदेशक चौकशी करावयास बसला आहे असे नव्हे. दुखणे कोठून सुरू झाले ते त्याला समजून घ्यावयाचे असते. ज्या प्रश्नाचे उत्तर द्यावेसे वाटत नाही, त्याला ‘हे नंतर सांगेन’ म्हणण्याची मुभा असते. पहिल्याच दिवशी सारे आयुष्य उलगडून ठेवावे अशी कोणाची अपेक्षा नसते. मध्येच रडू आले तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. काही वेळ कोणीच बोलले नाही, तरी वेळ वाया गेला असे होत नाही.

कित्येक ठिकाणी एक छापील प्रश्नावली पुढे ठेवतात. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटणे, झोप न लागणे, स्वतःविषयी वाईट वाटणे अशा गोष्टी किती दिवस जाणवल्या, एवढेच त्यात विचारलेले असते. सर्वाधिक वापरात असलेल्या अशा एका प्रश्नावलीत नऊ प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला शून्य ते तीन गुण आहेत. ही परीक्षा नव्हे. ताप मोजण्यासाठी थर्मामीटर लावावा, तसा तिचा उपयोग असतो. पुढल्या भेटींत पुन्हा मोजून सुधारणा होते आहे की नाही ते पाहता येते. वाचता न येणाऱ्याला प्रश्न वाचून दाखवितात आणि तसे सांगण्यात संकोच बाळगू नये.

एक प्रश्न मात्र ऐकणाऱ्याला धक्का देतो. ‘जगू नये असं कधी वाटतं का? जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकालाच विचारतात. असे विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी ठरलेली आहे; उलट, मनात दडवून ठेवलेली गोष्ट बोलता आल्याने माणसाला हायसे वाटते. उत्तर ‘हो’ असे दिले म्हणून पोलिसांना बोलाविले जाईल हे भयही आता निराधार आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये संमत होऊन २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम ११५ ने, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरावे आणि त्याला शिक्षा न करता त्याची काळजी व पुनर्वसन करण्याची जबाबदारी शासनाने घ्यावी, असे ठरविले आहे. जुन्या दंडसंहितेतील कलम ३०९ हे १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत त्या स्वरूपात ठेवलेले नाही.

भेट संपताना समुपदेशक आपल्याला काय समजले ते थोडक्यात सांगतो आणि ते बरोबर आहे काय, हे विचारतो. चुकले असेल तर चुकले असे स्पष्ट म्हणावे. नंतर ‘यातलं आधी काय बदलावं असं तुम्हाला वाटतं?’ असा प्रश्न येतो. कोणी म्हणेल, रात्री झोप लागावी. कोणी म्हणेल, मुलांवर हात उगारला जातो तो थांबावा. एवढ्याशाच गोष्टीपासून काम सुरू होते. रोज सकाळी थोडे चालणे, एका जवळच्या माणसाशी बोलणे, झोपेच्या वेळा लिहून ठेवणे असे एखादे लहानसे काम सांगतात आणि पुढली तारीख देतात. त्या दिवशी कोणाला हलके वाटते, कोणाला उलट दोन दिवस अधिकच जड वाटते. दोन्ही गोष्टी स्वाभाविक आहेत. एका भेटीत प्रश्न सुटत नाही, हे आधी सांगून ठेवले नाही तर ‘नुसतंच बोलणं झालं, गोळीसुद्धा दिली नाही’ असे म्हणून माणूस पुन्हा तिकडे फिरकत नाही. आणि दोन-तीन भेटींनंतरही त्या समुपदेशकाशी मन जुळले नाही, तर दुसरा मागण्यात काही गैर नाही.

गुप्तता आणि तिच्या मर्यादा

खेड्यात सकाळी झालेली गोष्ट दुपारपर्यंत साऱ्या वाडीला कळते. तेथे राहणाऱ्याच्या दृष्टीने गुप्ततेचा प्रश्न सर्वांत मोठा असतो. २०१७ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे मानसिक आरोग्याविषयीची माहिती गुप्त राखली जाणे हा व्यक्तीचा हक्क आहे. नवरा, सासू, मालक किंवा सरपंच यांनी विचारले म्हणून ती सांगता येत नाही. या नियमाला अपवाद आहेत आणि तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजेत. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, अथवा न्यायालयाचा आदेश असेल, तर आवश्यक तेवढी माहिती देता येते. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती कळविणे बंधनकारकच आहे. चांगला समुपदेशक हे अपवाद पहिल्याच भेटीत सांगतो. त्याने सांगितले नाहीत तर विचारावेत.

दाराबाहेरचा बाक

येथे कार्यकर्त्याच्या भूमिकेचा नाजूक प्रश्न येतो. गरिबाच्या वतीने बोलणे ही त्याची सवयच असते, आणि ती चांगली सवय आहे. तहसील कचेरीत तिच्यावाचून चालत नाही. परंतु समुपदेशनाच्या खोलीत हीच सवय घातक ठरते. कार्यकर्ता आत बसला की शेतकरी कर्जाविषयी बोलेल, सावकाराविषयी बोलेल. पण आपण दारू पितो, बायकोवर हात उचलतो, थोरल्या भावाचा मत्सर वाटतो किंवा आंदोलनात पुढे राहून मन थकून गेले आहे, हे तो कधीच बोलणार नाही. ज्याच्यासमोर खंबीर दिसावयाचे असते, त्याच्यासमोर माणूस मोडून पडू शकत नाही. म्हणून ‘तुम्ही बाहेर थांबा’ असे सांगितले तर त्यात अपमान मानू नये. सांगितले नाही, तरी स्वतःहून बाहेर थांबावे. सोबत आलेला नवरा किंवा सासू आत घुसू पाहत असेल, तर तिला बाहेरच्या बाकावर बोलण्यात गुंतवून ठेवणे हे त्या दिवसाचे मोठे काम ठरू शकेल.

बाहेर आल्यावर ‘काय काय सांगितलंस?’ असे विचारू नये. त्याऐवजी ‘पुढली तारीख कोणती?’ एवढेच विचारावे. समुपदेशनाच्या सेवांचा सर्वत्र अनुभव असा की, पहिल्या भेटीला आलेल्यांपैकी पुष्कळजण दुसऱ्या भेटीला येत नाहीत. त्यांतले काहीजण बरे वाटले म्हणून येत नसतील. पण मजुरी बुडते, भाडे नसते, मुलांना सांभाळावयास कोणी नसते म्हणून न येणारेही असतात. येथे कार्यकर्त्याला आपले संघटनकौशल्य वापरता येते. मुकादमाला सांगून अर्धा दिवस मोकळा करून घेणे, शेजारणीला मुले सांभाळावयास लावणे, भाड्याची व्यवस्था करणे ही कामे त्याला चांगली जमतात. आणि कर्जाचा अर्ज, रेशनकार्ड, थकलेली मजुरी यांचा पाठपुरावाही त्याने थांबवू नये. समुपदेशनाने माणसाला झोप लागेल, पण सावकार दारात उभा असेतोवर ती टिकणार नाही. दोन्ही कामे एकाच वेळी चालावी लागतात.

हीच गोष्ट कार्यकर्त्याच्या स्वतःच्या मनालाही लागू आहे. इतरांची दुःखे वर्षानुवर्षे वाहणारा माणूस स्वतः कोठे बोलतो, याचा विचार संघटनांनी क्वचितच केला आहे.

गोव्याचा धडा

हे सारे गरिबांच्या वस्तीत आणि सरकारी दवाखान्यात शक्य आहे काय, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर शेजारच्या गोव्याने दिले आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने तेथील आरोग्यकेंद्रांत एक प्रयोग केला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन समुपदेशक नेमले आणि आवश्यक तेव्हा डॉक्टर व मनोविकारतज्ज्ञ यांची जोड दिली. प्रयोगाचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेल्या रुग्णांचे प्रमाण, समुपदेशक असलेल्या केंद्रांत ६५.९ टक्के आणि नसलेल्या केंद्रांत ४२.५ टक्के होते. खाजगी डॉक्टरांच्या दवाखान्यांत मात्र असा फरक आढळला नाही. याचा अर्थ, या सेवेचा सर्वांत अधिक लाभ सरकारी दवाखान्यावर अवलंबून असलेल्या माणसाला झाला. पुढे तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ भेटींची पद्धत त्याच राज्यात तपासण्यात आली. तिच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, तीन महिन्यांनी लक्षणांतून मुक्त झालेल्यांचे प्रमाण ६४ टक्के आणि केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के दिसून आले. मोठ्या इमारती किंवा दुर्मीळ तज्ज्ञ यांच्यावाचूनही हे काम होते. मात्र नियमित वेतन, सतत देखरेख आणि स्वतंत्र खोली यांच्यावाचून ते होत नाही.

महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ हाती घेतला आणि आशा सेविकांना घरोघर जाऊन ताणाखालची माणसे ओळखण्यास सांगितले. कल्पना चांगली आहे. परंतु आशा सेविकेने ओळखलेल्या माणसाला पुढे पाठवावयाच्या खोलीत समुपदेशक आहे काय, हा प्रश्न गावोगावच्या कार्यकर्त्यांनी स्वतः जाऊन तपासला पाहिजे. पाहावयाच्या गोष्टी मोजक्या आहेत. समुपदेशकाचे पद भरलेले आहे काय. तो कंत्राटी असेल तर त्याचा पगार वेळेवर होतो काय. दार बंद करता येईल अशी खोली आहे काय, की पडद्याआड औषधवाटप चालले आहे. पुढल्या वेळी तोच माणूस भेटतो काय. तो मराठीत, आणि जेथे गोंडी, कोरकू किंवा भिली बोलली जाते तेथे त्या भाषेत बोलू शकतो काय. २०१७ च्या कायद्याच्या कलम १८ ने शासनाने चालविलेल्या किंवा शासनाच्या पैशावर चालणाऱ्या मानसिक आरोग्यसेवेचा लाभ मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. म्हणून बंद खोली मागणे ही कोणाची मेहेरबानी मागणे नव्हे.

कार्यकर्त्याच्या अंगवळणी पडलेल्या कामांत हे एक काम मिळविले तर ते फार अवघड नाही. सिव्हिलमधील समुपदेशकाचा वार माहीत असणे, १४४१६ हा क्रमांक कार्यालयाच्या फळ्यावर लिहिलेला असणे, पहिल्या भेटीत काय होते ते पाच मिनिटांत सांगता येणे, सोबत जाणे, बाहेर थांबणे आणि दुसऱ्या तारखेला पुन्हा घेऊन जाणे, एवढ्याने पुष्कळ साधेल. अर्ज पुढे सरकवून खाली मान घालून बसलेल्या त्या शेतकऱ्याला देण्यासाठी मग चहाखेरीज आणि ‘होईल सारे ठीक’ या शब्दांखेरीजही काहीतरी कार्यकर्त्याच्या हाती असेल.